इकडची बाजू खालीच राहू दे

२९ नोव्हेंबर, रविवार

बारके,

इतक्या वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून भलतंसलतं मनात आणू नकोस. शाळेच्या कामाचं लिहिते आहे. काल प्रदर्शन आवरल्यावर मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, "तिसरीतल्या त्या मुलीची आई दाखला मागतेय, तोही वर्षाच्या मध्येच. कारण विचारलं तर म्हणाली, चित्रकलेच्या बाईंना विचारा." आपण सख्ख्या बहिणी आहोत हे मोठ्या बाईंना ठाऊक नाही. मी कधी सांगितलं नाही, आणि तूही सांगितलं नसावंस. त्या नुसत्याच चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

तर काय झालं ते सांगते, मग तुझं तू ठरव.

दरवर्षी हस्तकलेच्या प्रदर्शनाआधी मी मुलांच्या कामांवरून हात फिरवते. आमच्याकडे तसंच म्हणतात, "बाई, जरा हात फिरवून घ्या." पहिलीच्या भेंडीच्या ठशांची फुलं होतात ती अशीच. दुसरीच्या मुलांनी रंगात दोरा बुडवून ओढलेला असतो. त्या गिचमिडीला मी दोन डोळे आणि एक चोच काढली की पक्षी होतो. पालक येतात, खूश होतात, फोटो काढतात. आमच्या शाळेचं प्रदर्शन बघायला दुसऱ्या शाळांचे शिक्षक येतात, ते काही मुलांनी सांडलेला गोंद बघायला येत नाहीत.

यंदा तिसरीला कागदाच्या लगद्याचे मुखवटे होते. विषय घरातलं माणूस. फुगा फुगवायचा, त्यावर रद्दीचा भिजवून कुटलेला लगदा खळ घालून चढवायचा, वाळला की फुगा फोडायचा. ओला लगदा जड असतो. व्हरांड्यात वाळत ठेवला की एका अंगाने बसतो. कुणाच्या आजोबांचं नाक हनुवटीपर्यंत आलं होतं. तुझ्या लेकीच्या मुखवट्याचंही तसंच झालं होतं. ओठाचा एक कोपरा खाली, तिकडच्याच डोळ्याची खालची पापणी ओघळलेली. मला वाटलं बसलाय. मी ओठ उचलला, पापणी वर घेतली, पांढरा हात मारून रंगवला. काय मोठंसं केलं? त्याला पहिलं बक्षीस मिळालं, हे तूही बघितलंस.

तुझ्या चेहऱ्याचं असं काही झालंय हे मला कुणी कळवलं होतं? कानामागची गाठ काढताना शीर दुखावली, हे मला काल संध्याकाळी वर्गबाईंकडून कळतंय. परक्या बाईला माहीत आणि मला नाही. तू एक ओळ टाकली असतीस तर हे झालंच नसतं.

तू आलीस तेव्हा मी नेमकी चहाला गेले होते, नाहीतर तिथेच समजावून सांगितलं असतं. एका मुखवट्यापायी पोरीची शाळा बदलणं काही बरोबर नाही. अर्ज मागे घे.

ताई

२ डिसेंबर, बुधवार

बारके,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी आज शिपाईमामांना टपालाचं विचारून आले. त्यांनी "काही विशेष आहे का?" म्हणून विचारलं, तेव्हा मी त्यांनाच झापलं.

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. टपालात टाकून घरी पोचेपर्यंतच माझं मला खायला लागलं होतं.

मी चहाला गेले नव्हते. तू फाटकातून आत येताना मी हॉलच्या खिडकीतून बघितलं. ओढणी नाकापर्यंत घेतलेली, आणि चाल मात्र तीच, एक खांदा पुढे काढून. वाटलं, आता समोर येईल, आता मला काहीतरी बोलावं लागेल. मी कलाकक्षाच्या मागच्या अडगळीच्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. तिथे गुंडाळलेल्या तक्त्यांमध्ये, खडूच्या खोक्यावर बसून राहिले. शाळेतली सगळी पोरं मला टरकून असतात, बारके, आणि मी तिथे श्वास कोंडून बसले होते. तू गेल्यावरही बराच वेळ बाहेर आले नाही. त्यामुळे तू मुखवट्यासमोर उभी राहिलीस तेव्हा काय झालं ते मला माहीत नाही. कुणाला विचारायची हिंमत झाली नाही.

दुसरी गोष्ट लिहायला जास्त जड जातेय.

मुखवटे करायच्या दिवशी मी रांगेतून फिरत होते. तुझ्या लेकीपाशी आले. तू तिला घरी काय सांगून ठेवलंयस कोण जाणे, पण तिने मला शाळेत एकदाही मावशी म्हटलेलं नाही. बाईच म्हणते, आणि तेही इतक्या नीट की मला दरवेळी लागतं. तिचा लगदा खाली ओघळलेला दिसला म्हणून मी सवयीने अंगठा पुढे केला. तिने माझा अंगठा अडवला. म्हणाली, "बाई, इकडची बाजू खालीच राहू दे."

मी म्हटलं, "का गं?"

"आईची तशीच आहे."

हे मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. आणि मी "बरं बरं, हात चालवा भराभर" म्हणून पुढच्या बाकाकडे गेले.

मला फक्त विचारायचं होतं, तशीच म्हणजे कशी, आईला काय झालंय. एवढंच. पण तसं विचारलं असतं तर मी तुझी चौकशी केली असं झालं असतं. पोरीने घरी जाऊन सांगितलं असतं, बाई तुझं विचारत होत्या. मग तू जिंकलीस असं झालं असतं. तुझ्या लग्नात मी तुझ्या नवऱ्याला त्याच्या आईसमोर टायरवाला म्हटलं, आणि तू म्हणालीस की माफी मागेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस. मी तेवढंच धरून बसले. आठ वर्षांच्या मुलीने मला सरळ सरळ सांगितलं की माझ्या आईचं तोंड वाकडं झालंय, आणि मी कानावर हात ठेवले. असली माझी ऐट.

आणि मग प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, मी तो मुखवटा हातात घेतला. लगदा बसलाय असं मला वाटलं नव्हतं, बारके. मला माहीत होतं. नाक तुझंच होतं, कपाळ तुझं, ती भुवई तर अगदी तुझीच. फक्त खालची बाजू मला बघवेना. तू आपल्या घरातून गेलीस तेव्हा जशी होतीस तशी मला हवी होतीस. म्हणून मी ती तशी केली. कुणी बघत नसताना, आवडीने, वेळ घेऊन केली. एवढं चांगलं काम माझ्या हातून कित्येक दिवसांत झालं नव्हतं. म्हणूनच तर त्याला बक्षीस मिळालं.

मला तुला तोंड दाखवायची लाज वाटते. हे वाक्य तुला कसं लागेल ते लिहून झाल्यावर लक्षात आलं. खोडत नाही.

ताई

६ डिसेंबर, रविवार

बारके,

हे पत्र तू वाचतेस की चुलीत घालतेस ते मला कळायला मार्ग नाही. तरी लिहिते.

तुझी लेक शाळेत येते, पण चित्रकलेच्या तासाला येत नाही. पी.टी.च्या सरांकडे जाऊन चेंडू मोजत बसते. सरांनी मला विचारलं, "पाठवू का हाकलून?" मी म्हटलं, राहू द्या. शुक्रवारी मीच तिकडे गेले. ती खेळाच्या सामानाच्या खोलीत रिंगा एकावर एक रचत होती. मी मुखवटा घेऊन गेले होते. तिला म्हटलं, "मी चढवलेला लगदा खरवडून काढते. होईल परत पहिल्यासारखा."

खरं तर होणार नव्हता. वाळलेला लगदा खरवडला की खालचाही येतो. हे मी तिसरीच्या मुलांनाच शिकवते.

तिने तो हातातही घेतला नाही. नीट बघून म्हणाली, "ही तुमची बहीण आहे, बाई. माझी आई नाही. तुम्हीच ठेवा."

मी तिथल्या गादीवर बसलेच. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्या पोरीने ते रागाने म्हटलं असतं तरी मला सोसलं असतं. तिने वस्तू ज्याची त्याला द्यावी तसं म्हटलं.

मग तिचं तिनेच सांगितलं. तुला तिने सांगितलंय की नाही मला माहीत नाही, म्हणून लिहिते. तू बाहेर पडत नाहीस. भाजीलाही तुझा नवरा जातो. पालकसभेला तू येत नाहीस, आलीस तर ओढणी. लोक आधी बघतात आणि मग न बघितल्यासारखं करतात, आणि त्याचंच तुला जास्त लागतं, असं तू एकदा तिच्या बाबांना सांगत होतीस ते तिने ऐकलं. तर तिचा बेत असा होता, की प्रदर्शनात तुझा चेहरा पहिल्या दिवसापासून मांडलेला असेल. सगळे पालक येऊन तो बघून जातील. काय बघायचं ते बघून घेतील, कुजबुजायचं ते मुखवट्यापुढे कुजबुजतील. मग दुसऱ्या दिवशी तू येशील तेव्हा सगळ्यांना सवय झालेली असेल आणि तुझ्याकडे कोणी बघणार नाही. "म्हणून मी आईला म्हटलं, तू उद्या ये, आज नको. आणि ओढणी हॉलमध्ये काढ."

तू काढलीस, बारके? एवढंच सांग. तू हॉलमध्ये येऊन ओढणी काढलीस आणि समोर मी केलेला तो सरळ, देखणा चेहरा होता, आणि त्यावर बक्षिसाची फीत होती, असं झालं का? पोरीला विचारायचं धाडस मला झालं नाही. ती रिंगा रचत राहिली.

मी मोठ्या बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, आपल्या नात्यासकट. म्हटलं, बक्षीस रद्द करा, ते काम माझं आहे. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता सगळ्यांचीच बक्षिसं परत मागू का? बाकीचीही तुमचीच असतील." होतीच.

शनिवारी मुलं कामं घरी न्यायला आली. टेबलावर मांडलेली होती. मी नावांच्या चिठ्ठ्या आदल्या दिवशीच काढून ठेवल्या होत्या, एरवी करते तसं. काय झालं असेल सांग. अर्ध्या मुलांना आपलं काम ओळखता येईना. एकाच आजोबांवरून दोघांची मारामारी झाली. दुसरीतला एक बुटका आपला पक्षी शोधून शोधून दमला आणि म्हणाला, "माझा पक्षी नव्हता, माझा नुसता दोरा होता." वर्षानुवर्षं हे असंच चाललंय आणि दरवर्षी मी "अरे, आपलं काम ओळखता येत नाही तुला?" म्हणून त्यांनाच ओरडत आले. काल मी ओरडले नाही. मी कपाट लावायचं निमित्त केलं.

दाखल्याचं मी आता काही म्हणत नाही. तुला योग्य वाटेल ते कर.

ताई

१२ डिसेंबर, शनिवार

बारके,

तू आज गेलीस त्याला चार तास झाले असतील. मला तिथे जे बोलता आलं नाही ते लिहिते.

दाखला ऑफिसात तयार होता. तू तो घेऊन तशीच गेली असतीस तरी चाललं असतं. तू वर कलाकक्षात येशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी ब्रश धूत होते. पाठीमागून "ताई" ऐकू आलं आणि वळले, तर तू दारात. ओढणी गळ्यात.

आणि माझा हात उठला.

मी तो उचलला नाही, बारके, मी शपथेवर सांगते. तो उठला. ओला, रंगाचा, अंगठा पुढे काढून, नेमका तुझ्या ओठाच्या त्या कोपऱ्याकडे. तू पाऊलभर मागे सरलीस. म्हणालीस, "हात खाली."

आपल्या घरात असं मी बोलायचे. तू नाही.

मी हात खाली घेतला आणि कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून पदरात गुंडाळला. तू म्हणालीस, "आता बघ. नुसतं बघ." मी बघितलं. तो डोळा पूर्ण मिटत नाही, त्याच्या कडेला पाणी साठतं आणि तू ते बोटाने टिपतेस. बोलताना शब्द एका बाजूने निघतो. गालाची तिकडची बाजू हलत नाही. पोरीने ते किती बरोबर केलं होतं ते मला तेव्हा कळलं. माझ्या हाताखाली इतकी वर्षं मुलं शिकली, एकाही मुलाने एवढं नीट बघितलेलं नव्हतं, आणि जिने बघितलं तिचं मी बुजवलं.

मी विचारलं, "दुखतं का?"

"आता नाही. तेव्हा दुखायचं."

तेव्हा दुखायचं, आणि तेव्हा मी कुठे होते? पोर शाळेत रोज समोर दिसत होती आणि मी तिच्या कपड्यांवरून, डब्यावरून तुझं बरं चाललंय की नाही याचा अंदाज काढत होते.

ओढणीचं मी विचारलं. तू म्हणालीस, "काढली होती. हॉलमध्ये गेल्या गेल्या काढली. एक बाई मुखवट्याकडे बघून माझ्याकडे बघत होत्या, मग परत मुखवट्याकडे. मला म्हणाल्या, तुमची धाकटी बहीण का?" आणि तू हसलीस. मला वाटतं हसलीस. मला अजून तुझं हसणं ओळखता येत नाही.

मी माफी मागितली. तुझी, आणि तुझ्या नवऱ्याचीही. तू "पत्रात वाचलं" म्हणालीस, म्हणजे पत्रं वाचतेस. दाखला पिशवीत घातलास आणि म्हणालीस, पोर त्या तासाला जायला तयार नाही आणि दर आठवड्याला तिने चेंडू मोजावेत असं तुला वाटत नाही. नव्या शाळेत चित्रकलेचा तास आहे का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. तो प्रश्न विचारायचा हक्क मी घालवलाय. तुझ्या घरी एकदा येऊ का, एवढंच विचारलं. तू म्हणालीस, "माझं काही नाही. तिला विचारते."

तिला विचार. नाही म्हणाली तर तसं कळव. मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण कळव.

ताई

२० डिसेंबर, रविवार

बारके,

तासाभरापूर्वीच तुझ्या घरून आले आणि लगेच लिहायला बसले, म्हणून हसशील. पण तुझ्या घरी माझ्या तोंडाला कुलूप होतं, ते तू बघितलंसच.

गुरुवारी शाळा सुटताना फाटकाशी स्कूटर थांबली. मी तुझ्या नवऱ्याला ओळखलंच नाही, केस किती पांढरे झालेत त्याचे. म्हणाला, "ताई, पोरीचा निरोप आहे. रविवारी आईचा मुखवटा पुन्हा नव्याने करणार आहे. तुम्ही या म्हणते. पण अट आहे."

मी म्हटलं, "कसली?"

त्याला सांगताना अवघडल्यासारखं झालं. दुसरीकडे बघत म्हणाला, "हाताची घडी घालून बसायचं. पूर्ण वेळ."

मी हो म्हटलं. मग तिथेच, रिक्षावाल्यांसमोर, लग्नातल्या त्या शब्दाबद्दल त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "टायरचं दुकान आहे ताई, टायरवालाच म्हणणार की." आणि गाडी चालू करून गेला. मला तेवढंच पुरलं असं नाही. त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आज तू खिडकीपाशी खुर्चीत बसलीस, ओढणी नाही, काही नाही, उजेड सरळ चेहऱ्यावर. पोर खाली वर्तमानपत्रावर फुगा घेऊन बसली. आणि मी समोरच्या स्टुलावर, हाताची घडी घालून. पहिलीतल्या मुलांना मी हे दिवसातून दहादा सांगते. हे इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं.

तिने लगदा हनुवटीला जाड लावला. तिथे तडा जाणार. खळ पातळ झाली होती. फुग्याच्या खाली वाटी ठेवली नव्हती, तो घरंगळत होता. माझी बोटं दंडात रुतत होती. तू माझ्याकडे बघत होतीस आणि तुला सगळं कळत होतं.

ती तुझ्याकडे बघायची, मग लगदा, मग परत तुझ्याकडे. "आई, हलू नको. डोळ्यातलं पाणी पुसू नको, मला बघू दे कुठून येतं ते." आणि तू पुसलं नाहीस. ते तसंच गालावरून खाली आलं. मी आयुष्यभर चित्रकला शिकवली आणि समोरच्या माणसाकडे असं बघून घेतलं नाही. मी आधी ठरवायचे कसं असायला हवं, आणि मग बघायचे.

तिथे माझं रडू आवरेना. तुला दिसलं असेल. डोळ्यांचं ठीक होतं, पण नाक वाहायला लागलं, आणि रुमाल पिशवीत, पिशवी दारापाशी. मी तशीच बसून राहिले. पन्नाशीची बाई, शाळेत पोरं जिला बघून रांगेत उभी राहतात ती, ओठांपर्यंत नाक आलेलं आणि हाताची घडी. तू उठायला लागलीस तर पोर तुला म्हणाली, "हलू नको ना."

मग तिने माझ्याकडे बघितलं. तुझ्याकडे बघत होती तसंच, वेळ घेऊन. लगद्याचे हात फ्रॉकला पुसले आणि म्हणाली, "बाई, एक हात सोडा. फक्त नाकासाठी."

ताई